पिशवीतले अकरा

सकाळी सहा-दहाला टीव्ही टॉवरपाशी
उईकेताईंनी शबनम उघडून धरली
आणि हात काढून द्यावा तसे
आम्ही एकेकाने फोन आत टाकले.
अकरा. मीच मोजले.
मोजायची सवय आहे मला, दोन वर्षांत लागलेली:
वजा झालेले गुण, उरलेले दिवस,
मेसच्या पोळ्या.

"फुटाळ्यापर्यंत कोणी बोलायचं नाही," ताई म्हणाल्या.
"पाय टेकतो तेव्हा पाय टेकतो, एवढंच बघा.
मन पळालं तर पळू द्या.
मग नाव घेऊन हाक मारा. रागावू नका त्याला."
प्रज्योत गेडाम कुजबुजला,
"माह्या मनाचं नाव काय हाय बे?"
शबिस्ता स्कार्फमध्ये तोंड खुपसून हसली.
निकेश ढोबळे हसला नाही.
तो तिसऱ्या रविवारी येत होता
आणि आम्हाला त्याचा आवाज माहीत नव्हता.

वाटभर सागाची पानं,
परातीएवढी, वाळून आत वळलेली.
शांतता कसली?
कोणी पापडांचं पोतं फरफटत नेत असावं
तसे आम्ही सेमिनरी हिल्स उतरत होतो.
उजवा टेकला. डावा टेकला.
उजवा टेकला. चाचणीतला चौदावा प्रश्न,
येत होता मला, येत होता...
डावा.
बाबांनी किती मिळाले विचारलं नव्हतं.
तेच तर. विचारलं नव्हतं.
उजवा.
हाक मारावी म्हटलं, तर मन केव्हाच
भंडाऱ्याच्या स्टँडवर, तिकीट काढून बसलेलं.

आणि पिशवी थरथरली.
ताईंच्या कमरेशी, कापडात कोंडलेली,
बाटलीत भुंगा अडकावा तशी.
अकराही जण जागच्या जागी.
प्रत्येकाला खात्री, आपलाच.
प्रज्योतला वाटलं, गाडीचा हप्ता.
शबिस्ताला वाटलं तो,
ज्याचा नंबर तिने तीनदा ब्लॉक केलाय.
(हे नंतर सांगितलं त्यांनी, पोहे खाताना.)
निकेशचा हात रिकाम्या खिशात गेला, तिथेच राहिला.
मला वाटलं आई.
एवढ्या सकाळी आईचा फोन म्हणजे
कोणीतरी गेलं.

थांबला.
पुन्हा वाजला.
ताईंचे डोळे मिटलेले.
याला म्हणत असतील सजगता, मी मनात म्हटलं.
मग दिसला त्यांचा अंगठा
पट्ट्यावर दाबून धरलेला, नख पांढरं पडलेलं.
"माझा आहे," त्या म्हणाल्या.
"भाऊ. परवाच दवाखान्यातून आणलाय.
उचलू का?"

म्हणजे बारा होते.
माझी मोजणी चुकली होती
आणि काहीही वजा झालं नाही.

उचलू का, असं आम्हाला विचारलं होतं.
टक्क्यांखेरीज आम्हाला काही विचारायची
पद्धत नाही कुठे.
काय म्हणायचं ते कोणाला सुचेना.
"उचला न, ताई,"
निकेश म्हणाला. घोगरा, जाड आवाज,
त्या हडकुळ्या अंगाला न शोभणारा.

ताई झाडाआड गेल्या.
आम्ही उभे.
टॉवरच्या टोकाला ऊन लागलं, मग खाली सरकलं.
कानांतली थंडी आधी उजव्या कानातून गेली.
एक मुंगळा शबिस्ताच्या बुटावर चढला,
लेसपाशी घोटाळला, उतरून गेला,
तिने पाय हलवला नाही.
किती वेळ, ते सांगता येत नाही.
मी मोजला नाही.

ताई शालीने नाक पुसत आल्या.
"मेथी कुठं ठेवली म्हणते. मेथी!"
हसल्या, पुन्हा नाक पुसलं.
"चला. कोणता पाय होता?"
कोणालाच आठवेना.

फुटाळ्याच्या काठी पिशवी उलटी केली.
माझ्या फोनवर काहीही आलेलं नव्हतं,
बॅटरी नव्वद टक्के.
तर्री जिभेला लागली तेव्हा मात्र
नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी,
प्रज्योत प्लेट धरून नाचत,
"आलं बे! वापस आलं!"
आणि निकेशने, हातगाडीच्या पलीकडे
ऐकू जाईल एवढ्या आवाजात,
आणखी तर्री मागितली.